खोलीचं काय ठरलं

७ नोव्हेंबर, शनिवार

परवा आम्ही दोघे जहाजाने सहलीला निघणार. चार रात्री, पाच दिवस, जेवणखाण त्यातच, आणि ऐकणाऱ्याला शंका यावी इतके स्वस्त. दुकानाचे मालक म्हणाले, डोक्यात जे घोळते ते लिहून काढत जा, म्हणजे कामात चुका होणार नाहीत. माझ्या कामात चुका होत नाहीत. मी रबरी शिक्के करतो. त्यात अक्षरे उलटी कोरावी लागतात, आणि उलट्या अक्षरांतही माझी वेलांटी कधी चुकलेली नाही. माझी शाळा सातवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाही. तरी वही सुरू करतो, कारण डोक्यात घोळते आहे हे खरे.

आमचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची मुले. मागे स्वयंपाकघर, तिथे आम्ही दोघे. मधल्या उंबऱ्याला लागून आई. सगळ्यांची जेवणे झाली, भांडी घासली, ओटा पुसला, की मग आमची गादी पसरते. पाण्याचे पिंप आमच्या उशाशी आहे आणि आईला रात्री तहान लागते. आमचे लग्न झाल्यापासून ही तहान वाढली, असे बायको म्हणते. आईला डॉक्टरांना दाखवू या, असे मी म्हटले, तर बायकोने कूस बदलली.

बायको शिवणाच्या दुकानात काजे-बटणे करते. त्या दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. तिने मला नेऊन दाखवली. खिडकी आहे, मोरी आहे, दाराला आतून कडी आहे. कडी तिने दोनदा लावून उघडून दाखवली. दुकानाच्या बाईंना सहल संपेपर्यंत उत्तर हवे आहे, नाहीतर त्या तिथे कापडाचे गठ्ठे ठेवणार. बायको म्हणाली, "चार दिवस दोघंच राहून बघू. जमलं, तर परत आल्यावर तुम्ही आईंना सांगा. नाही जमलं, तर मी खोलीचं नाव पुन्हा काढणार नाही."

मी हो म्हटले. आईला सांगायचे कसे, ते माहीत नाही. पण तो परत आल्यावरचा प्रश्न आहे.

तिकिटे मीच काढली. खिडकीवरच्या बाईने विचारले, "एकत्र की स्वतंत्र?" मी ठणकावून सांगितले, "स्वतंत्र." घरात हा शब्द मी कधी तोंडातून काढलेला नाही. तिथे त्यातले प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटले आणि कान गरम झाले.

९ नोव्हेंबर, सोमवार

घोटाळा झाला आहे. जहाजाच्या दारातच बायकोला डावीकडे पाठवले आणि मला उजवीकडे. आमच्याकडे बॅग एकच. ती कुणी न्यायची यावरून मागची रांग खोळंबली, तेव्हा व्यवस्थापक आला. तो म्हणाला, तुम्हीच तर स्वतंत्र मागितलंत. एकत्र म्हणजे नवराबायको एका खोलीत. स्वतंत्र म्हणजे बायको बायकांच्या खोलीत, नवरा पुरुषांच्या. मी त्याला समजावले की स्वतंत्र खोली म्हणजे ज्यात आपल्याशिवाय दुसरे कुणी नाही ती. हे शाळेतली मुलेही सांगतील. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भांडून आलेली जोडपी आमच्याकडे पुष्कळ असतात, साहेब. लाजू नका."

बायको हसली. इतकी हसली की तिला बॅगेवर बसावे लागले. मग हसू थांबले आणि ती म्हणाली, "आता?" मी म्हटले, मी बघतो. तिने बॅगेतून तिची एक साडी, कंगवा आणि चप्पल घेतली आणि ती डावीकडे गेली.

माझ्या खोलीत चारजण. त्यातले एक निवृत्त कंडक्टर आहेत. त्यांना अजून रिकामी जागा बघवत नाही. मी बिछान्याच्या कडेला बसलो, तर म्हणाले, "आत सरकून घ्या, आत सरकून घ्या." खोलीला पडदा आहे. तो सरकवला तर मागे भिंत.

जहाज पूर्वी मोटारी वाहून नेत असावे. तसे कुणी सांगितले नाही, पण जेवणाच्या दालनात खांबावर 'हँडब्रेक ओढा' असे अजून लिहिलेले आहे. बाहेर एका पेटीवर 'जिवरक्षक जाकिटे' लिहिले आहे. त्यातला 'जी' दीर्घ हवा. मी व्यवस्थापकाला सांगितले. तो म्हणाला, जहाज बुडताना कोण वाचत बसतं. मी म्हटले, तेव्हाच तर वाचतात.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उकडलेले बटाटे. दुपारी उकडलेले बटाटे, वर मिरपूड.

दोघांच्या खोल्या मोजक्याच आहेत, पण त्यातली एक वाया गेली आहे असे कळले. दोनशे चौदा नंबर. तिथे एक सासरे आणि त्यांचा जावई राहतात. दोघांमध्ये तीन वर्षे बोलणे नाही. सासऱ्यांचे भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे होते. जावयाने ते न विचारता बरोबर लावून दिले. सासऱ्यांनी ते मुद्दाम पुढे ठेवलेले होते. तेव्हापासून अबोला. शेवटी मुलीने दोघांना या सहलीला पाठवले आणि तिकीट काढताना 'एकत्र' म्हणाली. मी बघायला गेलो. एकच मोठा पलंग, त्यावर कागदी पाकळ्या आणि टॉवेलांचे केलेले दोन हंस. पहिला हात कोण लावणार म्हणून हंस तसेच आहेत. दोघे आपापल्या कडेला लाकडासारखे झोपतात आणि अंग पुसायला उशीचे अभ्रे वापरतात.

मी म्हटले, तुम्ही माझ्या खोलीत या, तिथे एक बिछाना मोकळा करून देतो, दुसऱ्याचीही सोय बघतो. दोघांनाही कल्पना पसंत पडली. पण आधी कोण उठणार? जो खोली सोडेल तो हरला. सासरे मला म्हणाले, "त्यांना सांगा, लहानांनी आधी उठावं." जावई मला म्हणाला, "त्यांना सांगा, मोठ्यांनी वाट दाखवावी." दोघांमध्ये अंतर हातभराचे. तरी मी दोन्ही वेळा पलंगाला वळसा घालून निरोप पोचवला.

बायको कठड्यापाशी भेटली. ताजीतवानी दिसत होती. तिच्या बिछान्याला स्वतःचा दिवा आहे म्हणाली. बटण दाबले की लागतो, दाबले की जातो, कुणाला विचारावे लागत नाही. मग तिने विचारले, "खोलीचं काय ठरलं?"

मी म्हटले, "व्यवस्थापकाच्या कानावर घातलंय."

"व्यवस्थापकाचा काय संबंध?"

"सगळं त्याच्याच हातात आहे ना."

 ती नर्सबाईंबरोबर पत्ते खेळायला गेली. नर्सबाई तिच्या खोलीतल्या, निवृत्त आहेत. माझ्याकडे त्या अशा बघतात, की जणू मला ताप आहे आणि मी तो लपवतो आहे.

दुसऱ्या खोलीचा, म्हणजे दुकानावरच्या, विषय तिने अजून काढलेला नाही. बरे झाले. एका वेळी एकच काळजी.

११ नोव्हेंबर, बुधवार

कर्ण्यावरून कप्तानाचा आवाज येतो, कप्तान कुणी पाहिलेला नाही. काल तो म्हणाला, उजव्या हाताला दीपगृह. दुपारी म्हणाला, दुसरे दीपगृह, पहिल्याहून जुने. आज म्हणाला, तिसरे, सर्वांत उंच. तिन्हींच्या वरच्या मजल्याची तीच काच फुटलेली आहे आणि तीच पट्ट्यापट्ट्यांची चादर वाळत आहे. तिसऱ्या वेळी दीपगृहातल्या माणसाने आम्हाला ओळखून हात केला. बाकीचे फोटो काढत होते. मी कंडक्टरकाकांना हळूच सांगितले. ते म्हणाले, "मला पहिल्याच फेरीत कळलं. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? माणसं बसली आहेत, पोटाला मिळतंय, गाडी चालू आहे. गप्प बसायचं." किनारा इतका जवळ आहे की फोनसुद्धा लागतो.

दोनशे चौदामध्ये आज प्रगती झाली. दोनदा जाऊन आलो. सासरे म्हणतात, जावयाने घड्याळाबद्दल एक शब्द बोलावा, मी लगेच उठतो. म्हणजे ते तयार आहेत, अडला आहे जावई.

बायको आज मला 'तू' म्हणाली. नर्सबाईंच्या खोलीत सगळ्या आपापल्या नवऱ्यांबद्दल एकेरीत बोलतात, त्याचा परिणाम असावा. ऐकून बरे वाटले की वाईट, ते ठरवता आले नाही. तिने विचारले, "खोलीबद्दल तू बोलणार आहेस की नाही?"

मी म्हटले, "बोललो. सासरे तयार आहेत."

ती चमकली. "बाबांना कशाला मध्ये घातलंस? हे आपल्या दोघांचं आहे. त्यांना उगाच काळजी."

मी म्हटले, काळजी कसली, ते तर आनंदाने उठायला तयार आहेत. तिने कपाळाला हात लावला. अनोळखी म्हाताऱ्या माणसालाही ती बाबा म्हणते. मोठ्यांशी तिचे वागणे पहिल्यापासून असेच आदराचे आहे.

रात्रीच्या बटाट्यांना लोणी होते. ती दोनदा मागून घेऊन जेवली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आजचे सगळे नीट लिहितो.

सकाळी मी जावयाला म्हटले, तुमचे सासरे म्हणतात घड्याळाबद्दल एक शब्द बोला. तो भडकला. म्हणाला, "माझी चूक?" मी पलंगाला वळसा घालून सासऱ्यांना निरोप दिला. निरोपात आपली भर पडू नये म्हणून मी तो नेहमी सपाट आवाजात देतो. म्हटले, "ते म्हणतात, माझी चूक."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "चूक कसली. मलाच म्हातारचळ लागला." हे जावयाने थेटच ऐकले आणि तो उठून त्यांच्या पाया पडला. मग दोघांनी एकेक हंस उचलला आणि तोंडे पुसली.

प्रश्नचिन्ह माझ्याकडून राहिले हे खोलीबाहेर आल्यावर लक्षात आले. परत जाऊन सांगावे, असे दोनदा दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. सांगितले नाही.

दुपारी पुन्हा खोलीचे विचारले, तर दोघे म्हणाले, आता कशाला जायचं, आता तर मजा येतेय. पण संध्याकाळी सासरेच मला शोधत आले. म्हणाले, तुमच्यामुळे हे झालं. आज शेवटची रात्र, आम्ही जेवणाच्या दालनात सोंगट्या खेळत बसणार आहोत, खोली तुम्हाला. आणि त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

मी धावत बायकांच्या खोलीकडे गेलो. दार उघडेच होते. किल्ली वर धरून म्हटले, "खोली मिळाली. आपल्या दोघांचीच."

बायको बिछान्यावरून उडी मारून आली आणि सगळ्यांच्या देखत तिने मला मिठी मारली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले. बायको म्हणाली, "कधी बोललास आईंशी? काय म्हणाल्या?"

मी म्हटले, "आईशी कशाला? सासरे-जावयाशी बोललो."

टाळ्या थांबल्या. बायकोने माझ्या हातातली किल्ली उलटून तिच्या लाकडी बिल्ल्यावरचा दोनशे चौदा हा आकडा वाचला.  मग म्हणाली, "तीन दिवस मी एकाच खोलीचं विचारत होते."

"मीही एकाच खोलीचं सांगत होतो," मी म्हटले.

नर्सबाई म्हणाल्या, "चला गं, आपण जरा वाऱ्यावर जाऊ." पण कुणी हलले नाही.

बायकोचा आवाज अजिबात चढला नाही. ती म्हणाली, "दुपारी मी दुकानाच्या बाईंना फोन करून हो सांगितलं. उद्या उतरले की मी सरळ तिकडे जाणार. तू ये किंवा येऊ नकोस. पण यायचं असलं तर आईंना सांगून ये. मला चोरून आणलेला नवरा नको."

आता मी दोनशे चौदामध्ये आहे. पलंग खरेच मोठा आहे. मी एका कडेला बसून लिहितो आहे, दुसरी बाजू मोकळी ठेवली आहे. दार लोटून घेतले आहे, कडी लावलेली नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आली नाही. कडी उगाच उघडी राहिली.

सकाळी जहाज धक्क्याला लागले. धक्का आणि शहर इतके जवळ होते की जहाज निघाले होते की नाही असा प्रश्न पडावा. नर्सबाईंनी बायकोला जवळ घेतले आणि माझ्याकडे बघून फक्त "हं" म्हणाल्या. कंडक्टरकाकांनी मात्र मला दारापर्यंत सोडले आणि सवयीने म्हणाले, "उतरून घ्या, उतरून घ्या."

आमच्याकडे बॅग एकच असल्यामुळे कपड्यांची वाटणी करणे भाग होते. धक्क्यावर ती करायला घेतली, तर माझा सदरा आणि तिचा परकर एकत्र वाऱ्यावर गेले आणि दोन माणसांना धावावे लागले. तेव्हा असे ठरले की आधी तिच्या खोलीवर जायचे, तिथे वाटणी करायची आणि मग मी माझे घेऊन घरी जायचे. मी बॅग उचलली. ती म्हणाली, "फक्त बॅगेपुरतं हं." मी म्हटले, फक्त बॅगेपुरतेच.

खोलीत आम्ही जमिनीवर दोन ढीग केले. ती एकेक कपडा उचलून बरोबर ढिगात टाकत होती. मला ते बघवत नव्हते, म्हणून मी खिडकीपाशी गेलो, आणि तेवढ्यात आईचा फोन आला. म्हणाली, "उतरलात का रे?"

सांगायचे होते. तोंड उघडले. त्यातून आले ते असे, "नाही गं आई. इंजिनात बिघाड झालाय. जहाज समुद्रातच आहे."

आई म्हणाली, कठड्याजवळ उभा राहू नकोस. मी म्हटले, नाही राहत. फोन ठेवून वळलो, तर बायकोचा हात माझ्या पायजम्यावर तसाच थांबलेला होता. मला वाटले, आता बोलणार. पण तिने पायजमा कुठल्याच ढिगात टाकला नाही, दोरीवर टाकला.

१४ नोव्हेंबर, शनिवार

जहाज अजून समुद्रात आहे.

शिक्क्यांचे दुकान घराच्या उलट दिशेला आहे, म्हणून कामावर जाता आले. मालकांना खरे सांगितले. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि म्हणाले, मी काही ऐकलेलं नाही.

दुपारी आईने दोनदा फोन केला. पहिल्यांदा विचारले, जेवायला काय. मी बटाटे म्हटले, ते निदान खोटे नव्हते, आजही तेच केले होते. दुसऱ्यांदा विचारले, "एवढा गलका कसला येतोय?" खिडकीखाली फेरीवाले थांबतात. मी म्हटले, लाटा. आईला जहाजाची कल्पना नाही, तिने समुद्र एकदाच पाहिला आहे. माझी अडचण पाहून बायकोने रिकामी बाटली उचलली आणि तिच्या तोंडावर फुंकर घालून जहाजाचा भोंगा वाजवला. फार चांगला वाजला. आई म्हणाली, "अगंबाई." फोन ठेवल्यावर आम्ही दोघे हसून जमिनीवर आडवे झालो. लग्नानंतरच्या दीड वर्षात असे मोठ्याने हसलो नव्हतो. शेजारी कुणी ना कुणी झोपलेले असायचे.

मग ती उठून बसली आणि म्हणाली, "हे मजेचं झालं. पण मी समुद्रात संसार करणार नाही. सोमवारी जहाज धक्क्याला लागलं पाहिजे. नाहीतर तू खाली उतर."

१५ नोव्हेंबर, रविवार

आईला काय सांगायचे ते कागदावर लिहून पाहिले. चार वेळा लिहिले. शुद्धलेखन चारही वेळा बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून आलो.  बायकोने फोन आणून माझ्यासमोर ठेवला आणि खिडकीपाशी काजे करत बसली. सुई चालत नव्हती, नुसती हातात होती. कागद मी दुकानातच विसरलो होतो.

आईने उचलला. मी म्हटले, "आई, आम्ही जहाजावर नाही. शुक्रवारीच उतरलो. आम्ही दोघं स्वतंत्र राहतोय, शिवणाच्या दुकानाच्या वर. हे तिचं एकटीचं नाही, माझंही आहे."

शेवटचे वाक्य चारही कागदांवर नव्हते. ते कुठून आले मला माहीत नाही. बायकोने मान वर केली.

  आई म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"शनिवारपासून. समुद्रात भंगारवाला कुठून येईल रे?"

मी विचारले, मग तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली, "म्हटलं, बघू तरी किती दिवस पोहतोस."  तिचा आवाज थोडा वेगळा येत होता. म्हणाली, "तिला दे."

मी फोन बायकोला दिला. मला एकाच बाजूचे ऐकू येत होते. "हो... आहे... हो, दोघांपुरती आहे... नाही, तसं काही नाही आई... बरं." बायकोने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मी विचारले, रागावली का? फार लागले का तिला?

"लागलं तर असणारच," बायको म्हणाली. "रविवारी येतात म्हणाल्या. गादी थोरल्यांच्या हाती आधी पाठवतील. आणि म्हणाल्या, दार वाजवून आत येईन."

आमच्या घरात मधल्या उंबऱ्याला दारच नाही. त्यामुळे आईने दार वाजवलेले मी आजवर ऐकलेले नाही. ते कसे वाजते ते रविवारी कळेल. बायको म्हणते, पहिल्याच थापेला धावत जाऊन उघडायचे नाही, थोडे थांबायचे. थोडे म्हणजे किती, ते तिने अजून सांगितलेले नाही.